तालुक्याचा डिफेन्स विभागात का फुटतो

शाळेचा बास्केटबॉल संघ तालुका जिंकतो, जिल्हा जिंकतो आणि विभागीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात थ्रीखाली, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या फेकींखाली, दबून जातो. गाव वर्ध्याकडचं असो की यवतमाळकडचं, हे पुन्हा पुन्हा दिसतं. समोरचा नागपूरचा किंवा अमरावतीचा संघ पहिल्या क्वार्टरमध्ये कोपऱ्यातून दोन, विंगवरून (कोपरा आणि रिंगसमोरची जागा यांच्या मधल्या तिरक्या बाजूवरून) दोन थ्री टाकतो आणि बाहेरून ओरड सुरू होते, "अरे हात वर कर ना बे!" हात वर केला नाही म्हणून थ्री बसला, असं बघणाऱ्याला वाटतं. पण हात वर करणं हे त्या डिफेन्समधलं अगदी शेवटचं काम. ज्या पोराच्या डोक्यावरून थ्री गेला, त्याची चूक बहुतेक वेळा नसतेच. चूक दोन पास आधी, दुसऱ्याच कोणाच्या पायांची झालेली असते.

ही चूक येते कुठून, ते आधी बघू. तालुक्याला सामने उघड्या मैदानावर होतात. सिमेंटचा कोर्ट, काळ्या मातीने खालून उचलून भेगा पाडलेला. त्यावर धूळ, वर वारा, हातात रबरी बॉल. अशा ठिकाणी लांबून कोणी मारत नाही, मारला तर बसत नाही. त्यामुळे पाचही पोट्टे पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनात, गोळा होऊन रिंग राखतात आणि सामना जिंकतात. त्या सामन्यापुरतं ते बरोबरच आहे. पण तीन वर्षं हाच खेळ केलेल्या पोराच्या पायांना एकच गोष्ट कळते, बॉल कुठेही असो, मागे सरक. आणि विभागाला इनडोअर हॉल असला, तर वारा नाही, बॉल सरळ जातो, समोर रोज संध्याकाळी शूटिंग करणारे खेळाडू असतात. तिथे मागे सरकणं म्हणजे जागा आंदण देणं.

नियमही ही सवय मोडू देत नाही. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतात. त्यात पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायची बंदी फक्त हल्ला करणाऱ्याला आहे. डिफेन्सचा उंच पोरगा समोरच्याला फेकीसाठी मिळणारे चोवीसच्या चोवीस सेकंद रिंगखाली उभा राहिला तरी पंच शिट्टी मारत नाही. अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये तशी मोकळीक नाही, तिथे डिफेन्सलाही तीन सेकंदांचा नियम लागू होतो. म्हणून व्हिडिओत एनबीएचा डिफेन्स बघून आपल्या संघाशी तुलना करताना हा फरक लक्षात ठेवावा.

आता हिशोब. समजा समोरचा संघ १२ थ्री मारतो आणि ४ बसतात. १२ फेकींत १२ गुण, म्हणजे दर फेकीला एक. दोन गुणांच्या फेकींतून इतकंच मिळवायचं तर त्याला दोनातला एक बसवावा लागतो. शालेय पातळीवर हात समोर असताना दोनातला एक बसवणं सोपं नाही. म्हणजे तीनातला एक थ्री बसवणारा साधा शूटर मोकळा सोडणं हे पेंटमधला चांगला खेळाडू मोकळा सोडण्याइतकंच महाग आहे. शिवाय १२ पैकी ४ बसायचे तिथे एखाद्या दिवशी ७ बसतात आणि सामना हातचा जातो. किती बसले यावर तुमचा ताबा फार थोडा असतो. किती मोकळे मारू दिले यावर पूर्ण असतो. सगळा सराव या दुसऱ्या आकड्यासाठी.

रेषेपासून सुरुवात

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण गावातल्या कितीतरी कोर्टांवर थ्रीची रेषा अजून जुनीच आहे. आंतरराष्ट्रीय नियमात २०१० साली ती ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर गेली. जुन्या रेषेवर सराव केलेला पोरगा अर्धा मीटर अलीकडे थांबायला शिकतो. त्याच्या पायांना वाटतं आपण शूटरपाशी पोचलो, प्रत्यक्षात शूटर अजून अर्धा मीटर लांब असतो आणि तेवढ्या जागेत तो निवांत मारतो.

रेषा आखायला दोन माणसं, एक ओळंबा, एक धातूची मापाची टेप आणि ऑइलपेंट पुरतो. सुतळी वापरू नका, ताणली की वाढते. रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खूण करा. ही खूण बेसलाईनच्या (रिंगमागच्या शेवटच्या रेषेच्या) आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर यायला हवी. बऱ्याच ठिकाणी खांब चुकीच्या जागी रोवलेला असतो, बोर्ड बेसलाईनच्या आत १.२० मीटर येतच नाही, मग ही खूणही जुळत नाही. ते बदलता आलं नाही तर निदान कमान रिंगच्या मध्यापासूनच घ्या, कारण खेळाडू मारतो ते रिंगवर. त्या खुणेपासून ६.७५ मीटर हे रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं माप. रेषेची ५ सेंटीमीटर जाडी त्याच्या आत. दोन्ही बाजूंना साइडलाईनच्या आतल्या कडेपासून ९० सेंटीमीटरवर सरळ रेषा मारायची, तीही बाहेरच्या कडेने मोजून. कोर्ट मापाचा असेल तर कमान आणि ही सरळ रेषा बेसलाईनपासून २.९९ मीटरवर बरोबर भेटतात. भेटल्या नाहीत तर कुठेतरी माप चुकलं. शूटरचा पाय रेषेवर असला तर दोनच गुण, हेही पोरांना तिथेच उभं करून दाखवा.

रेषा आखली की ती एकदा टेपने चालत मोजा. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ती २४ मीटरपेक्षा थोडी जास्त भरते. एवढं अंतर राखायचंय आणि माणसं पाच, त्यातला एक रिंगपाशी. हा आकडा पोरांच्या डोक्यात बसला की "सगळे पेंटमध्ये" का चालणार नाही, ते सांगावं लागत नाही.

पाय कुठे हवेत

थ्रीचा डिफेन्स खरा ठरतो तो बॉलपासून लांब असलेल्या पोरांच्या उभं राहण्यात. बॉल एका विंगवर आहे आणि तुमचा माणूस पलीकडच्या कोपऱ्यात. तुम्ही कुठे? आपल्याकडची पोरं थेट रिंगखाली उभी असतात, पाठ स्वतःच्या माणसाकडे. दोन्ही रिंग जोडणाऱ्या मध्यरेषेपासून, म्हणजे रिंगच्या बरोबर समोरून, कोपऱ्यातल्या थ्रीच्या रेषेपर्यंत ६.६० मीटर अंतर आहे. पेंटची कड मध्यरेषेपासून २.४५ मीटरवर. तिथे एक पाय ठेवून उभं राहिलात तर उरतं ४.१५ मीटर. हा अडीच मीटरचा फरकच मोकळा थ्री आणि हात समोर असलेला थ्री यांच्यातला फरक.

आता बॉलचा वेळ बघा. एका विंगवरून पलीकडच्या कोपऱ्यात डोक्यावरून टाकलेला पास साधारण साडेबारा मीटर जातो आणि हवेत सव्वा सेकंदाच्या आसपास राहतो. जागेवरून निघालेला चपळ पोरगा चार मीटर अंतर साधारण एका सेकंदात कापतो. म्हणजे पास हातातून सुटताना तो निघाला, तर बॉल पोचायच्या आत पोचतो. बॉल पकडलेला दिसल्यावर निघाला, तर शूटरच्या मनगटातून बॉल सुटल्यावर पोचतो. या पूर्ण विषयात एकच सूचना ठेवायची झाली तर ती हीच, बॉल हवेत असताना पळा. बॉल कुठे पोचला ते बघून पळणारा संघ नेहमी एक पाऊल मागे असतो.

हे अंतर समोरच्याच्या हातावर अवलंबून आहे. १४ वर्षांखालच्या बहुतेक मुलामुलींना साडेबारा मीटरचा सरळ पास जमत नाही, बॉल उंच चढतो आणि दोन सेकंद हवेत राहतो. तिथे हेल्पचा, म्हणजे मदतीला आत सरकलेला, पोरगा मध्यरेषेपर्यंत गेला तरी चालतं. १९ वर्षांखालच्या मुलांत तसं करू नका. वॉर्मअपमध्ये समोरच्या गार्डचे (बाहेर खेळणाऱ्या चपळ खेळाडूचे) लांब पास बघा, तेवढ्यावरून ठरवता येतं.

आणि बॉलच्या जवळच्या, म्हणजे त्याच बाजूच्या कोपऱ्यातला शूटर सोडून हेल्पला जायचंच नाही. आपल्या पोरांचा सगळ्यात महाग पडणारा अपराध हाच. विंगवरून कोणी ड्रिबल करत, म्हणजे बॉलला टप्पे देत, आत घुसला की त्याच बाजूच्या कोपऱ्यातला डिफेंडर मदतीला आत येतो, ड्रिबलर दोन मीटरवरचा सोपा पास टाकतो आणि कोपऱ्यातला थ्री कोणीही अडवू शकत नाही. मदत पलीकडच्या बाजूने यायला हवी, तिथला पास लांब असतो. जवळच्याने फक्त एक पाऊल आत टाकून हाताने भ्यायला लावायचं आणि लगेच आपल्या माणसावर परत. ड्रिबलर क्षणभर थबकला तरी काम झालं.

मूळ रोग बॉलवर

आता सगळ्याच्या मुळाशी जाऊ. पलीकडून मदत लागली, कारण बॉलवरचा पोरगा चुकला. ड्रिबलर मधून, फ्री थ्रोच्या जागेतून पेंटमध्ये शिरला की त्याला दोन्ही कोपरे आणि दोन्ही विंग दिसतात. पाचही डिफेंडर बॉलकडे वळतात आणि पास कुठेही टाकला तरी थ्री मोकळा मिळतो. बेसलाईनच्या बाजूने शिरला तर त्याची पाठ अर्ध्या कोर्टाकडे असते, शिवाय बेसलाईन स्वतःच एक डिफेंडर असते, तिच्या बाहेर पाय टाकता येत नाही. म्हणून बॉलवरच्या पोराने मधली बाजू बंद करायची. मधल्या बाजूचा पाय पुढे, छाती किंचित कोनात, आणि ड्रिबलर जाईल तर बेसलाईनकडेच जाईल. काही कोच उलट शिकवतात, बेसलाईन बंद करून मध्ये ढकलतात, कारण मध्ये उंच पोरगा असतो. थ्री मारणाऱ्या संघासमोर मला ते चुकीचं वाटतं. पण काहीही एक ठरवा आणि पाचही जणांना तेच सांगा. दोघं मधे ढकलतात, तिघं बेसलाईनला, असं असेल तर हेल्पचा पोरगा कुठे उभा राहणार?

अंतराचंही तसंच. शूटरच्या हातात बॉल आहे आणि तो रेषेवर आहे, तर तुमचा हात लांब केला की बॉलला लागायला हवा. गावाकडची पोरं एक-दीड मीटर मागे उभी राहतात, कारण ड्रिबलने कोणी पार जाईल ही भीती. ही भीती काढायची असेल तर पाठीमागे मदत आहे याची खात्री द्यावी लागते. बॉलवरचा दाब आणि मागची मदत ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत.

इथे कबड्डीचाही एक संबंध आहे. आपल्या गावांतली बास्केटबॉलची बरीच पोरं आधी कबड्डी खेळलेली असतात. त्याचा फायदा मोठा. गुडघे वाकवून खाली बसणं, आजूबाजूला पटकन सरकणं त्यांना शिकवावं लागत नाही. पण कबड्डीत रेडर आत आला की आपण मागे सरकतो, त्याला खोलवर ओढतो आणि मग पकडतो. बास्केटबॉलमध्ये शूटर तुमच्या मागे येत नाही. तुम्ही मागे सरकलात की तो तिथूनच मारतो. आणि कोपरारक्षकाचा हात जसा घोट्याकडे झेपावतो, तसा बॉलकडे झेपावला तर फाउल. सराव घेताना हा फरक शब्दांत सांगून टाका, पोरांना लगेच पटतो, कारण दोन्ही खेळ त्यांच्या अंगात असतात.

क्लोजआउट

आता तो प्रसिद्ध हात. मदतीवरून शूटरकडे धावत जाणं याला क्लोजआउट म्हणतात आणि त्यात तीन ठिकाणी मोडतोड होते.

पहिली, वेग. चार मीटरपैकी अडीच ते तीन मीटर पूर्ण जोरात पळायचं. शेवटचा मीटर-दीड मीटर छोटी छोटी पावलं, टाचा हलक्या, कंबर खाली. जोरात आलात आणि थांबताच आलं नाही, तर शूटर नुसती फेकीची हूल देतो, तुम्ही त्याच्या शेजारून निघून जाता आणि मागे चार जणांविरुद्ध पाच जण उरतात. धुळीच्या सिमेंटवर थांबायला जास्त अंतर लागतं, तिथे छोटी पावलं आधी सुरू करा. सामन्याआधी कोर्ट झाडून ओलं पोतं फिरवलं तर बराच फरक पडतो. झिजलेल्या तळव्यांच्या बुटांनी क्लोजआउट शिकवणं म्हणजे घोटा मुरगळायला बोलावणं.

दुसरी, हात. उजव्या हाताच्या शूटरसमोर तुमचा डावा हात वर हवा, कारण त्याचा बॉल तुमच्या डाव्या बाजूला असतो. त्यामुळे शरीरही शूटरच्या बाजूने जातं, अंगावर जात नाही. हात बॉलला मारायला नाही, बॉलच्या वाटेत उभा ठेवायला. खाली मारलेला हात मनगटाला लागतो. थ्रीच्या फेकीवर फाउल झाला आणि फेक चुकली तर तीन फ्री थ्रो, बसली तर तीन गुण आणि वर एक फ्री थ्रो. यापेक्षा वाईट देवाणघेवाण या खेळात क्वचितच आहे.

तिसरी, उडी. शूटरचे पाय जमिनीवरून सुटल्याशिवाय तुमचे सुटू द्यायचे नाहीत, आणि उडी सरळ वर. हवेतल्या शूटरच्या पायाखाली आपला पाय गेला की त्याचा घोटा मोडू शकतो. पंच तो फाउल देतीलच, पण त्याआधी तो समोरच्या पोराच्या पायाचा प्रश्न आहे. सरावात यावर जराही सूट देऊ नका.

सराव असा. चार पोरं रेषेवर, चौघं डिफेन्सला. पहिले तीन मिनिटं फेक नाही, ड्रिबल नाही, फक्त पास, आणि प्रत्येक पास हवेत असताना चारही डिफेंडर सरकलेच पाहिजेत. कोच शिट्टी मारून मधेच थांबवतो आणि प्रत्येकाचा पाय कुठे आहे ते बघतो. पुढची पाच मिनिटं ड्रिबल सुरू, तरी फेक नाही. मग खरा खेळ. डिफेन्सने लागोपाठ तीन वेळा मोकळा थ्री दिला नाही तरच बाजू बदलते. बॉल बसला की नाही ते मोजायचं नाही. मोकळा होता की नाही, तेवढंच मोजायचं. एप्रिल-मेमध्ये हे सकाळी साडेपाच ते सात यातच उरकायला हवं, नंतर सिमेंट तापतं आणि पोरं पळायचं नाटक करतात.

बोलण्याचंही तसंच. इंग्रजी शब्द पाठ करून घेतले की सामन्याच्या गोंधळात पोरं गप्प होतात. वऱ्हाडीतच बोलू द्या. "बॉल माहा", "मी मागं हाय", "कोपऱ्यात जाय" हे सगळं चालतं, मोठ्याने आणि आधी बोललं म्हणजे झालं. बॉल पोचल्यावर बोललेलं काही कामाचं नाही.

दोन-तीनच्या झोनचं काय

गावाकडचे बहुतेक संघ दोन पुढे आणि तीन मागे असा झोन लावतात, म्हणजे प्रत्येकाने माणूस नाही, आपली जागा राखायची. उंच पोरगा रिंगखाली, दोन धडधाकट त्याच्या बाजूला, दोन चपळ पुढे. शिकवायला सोपा, फाउल कमी. पण पुढच्या दोघांना नाका (रिंगच्या बरोबर समोरची, रेषेजवळची जागा) आणि दोन्ही विंग अशा तीन जागा सांभाळाव्या लागतात, आणि शूटर असलेला संघ तिथे तीन जण उभे करतो. दोघांत तीन भागत नाहीत. त्यातून फ्री थ्रोच्या जागी त्यांचा एक खेळाडू उभा राहिला आणि तिथे पास गेला, तर पुढचे दोघेही त्याच्याकडे वळतात आणि मागून दोन्ही विंग मोकळ्या.

झोन सोडायचा नसेल तर दोन गोष्टी पक्क्या करा. फ्री थ्रोच्या जागी बॉल आला तर रिंगखालचा उंच पोरगा एक-दोन पावलं पुढे येईल. पुढच्या दोघांपैकी एकच वळेल, दुसरा विंगवरच राहील. आणि विंगवर बॉल गेला, पुढचा गार्ड दूर असला, तर त्या बाजूचा मागचा पोरगा आधी वर येऊन फेक अडवेल, गार्ड धावत येऊन त्याला खांद्याने "जा" म्हणत परत कोपऱ्यात पाठवेल. ही अदलाबदल न जमणाऱ्या झोनला थ्री रोखता येत नाही. मागचा पोरगा वर आला, गार्ड पोचला आणि दोघंही विंगवरच उभे राहिले, तर पुढचा पास सरळ कोपऱ्यात.

तीन पुढे, दोन मागे असा झोन करून बघतात काही जण. विंग बंद होतात, पण कोपरे उघडे पडतात आणि रिंगच्या तोंडाशी दोघंच उरतात. शूटर फक्त वर उभे राहणारे असतील तरच.

माझं मत स्पष्ट आहे. १७ वर्षांखालच्या संघाला आधी माणसामाणसाचा डिफेन्स शिकवा आणि झोन सामन्यातल्या पाच-सहा मिनिटांसाठी राखून ठेवा. उलट क्रमाने गेलेली पोरं पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर किंवा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या संघनिवडीला गेली की पहिल्या तासातच उघडी पडतात.

स्क्रीनचा विषय थोडक्यात. स्क्रीन म्हणजे सोबत्याने डिफेंडरच्या वाटेत अंग आडवं लावून उभं राहणं. तालुक्याला स्क्रीन फार कोणी लावत नाही, त्यामुळे पहिल्यांदा अंगावर आला की डिफेंडर तिथेच थिजतो. बॉलवाला शूटर असेल तर स्क्रीनच्या खालून, म्हणजे रिंगच्या बाजूने जाऊ नका, त्याला वर मोकळी फेक मिळते. स्क्रीनच्या वरून, तो लावणाऱ्याच्या अंगाला घासून जा. गावातल्या संघात पाचही पोरं बऱ्याचदा जवळपास सारख्या उंचीची असतात. तसं असेल तर माणसं बदलून घेणं सगळ्यात स्वस्त. पण ते आधी ओरडून, हाताने स्पर्श करून करायचं. दोघांनाही वाटलं की दुसरा घेईल, तर शूटर कोणाचाच नाही.

पळताना आणि बॉल आत टाकताना

सगळ्यात जास्त मोकळे थ्री जमलेल्या डिफेन्सवर नाही, परतणाऱ्या डिफेन्सवर पडतात. आपली फेक चुकली, समोरच्याने बॉल घेतला आणि आपली पाचही पोरं रिंगकडे तोंड करून सुसाट मागे पळतात, पाठ बॉलकडे. रिंग वाचते. पाठीमागून निवांत पळत आलेला त्यांचा चौथा खेळाडू विंगवर थांबतो आणि मारतो. परतायची वाटणी करून ठेवा. पहिला रिंगपाशी, दुसरा बॉलवर, तिसरा आणि चौथा थ्रीच्या रेषेपाशी जाऊन मग आत सरकतील, पाचवा मागून येणाऱ्याला शोधेल. पळताना मान खांद्यावरून मागे. आपली फेक कोपऱ्यातून असेल तर मारणारा परतायला सगळ्यात लांब असतो, त्याच्या जागी नाक्यावरच्या गार्डने आधीच मागे निघावं.

त्यांनी बेसलाईनवरून बॉल आत टाकला तेव्हाचा थ्री तर नुसता हलगर्जीपणाचा. सगळे पासच्या मागे बघतात आणि बॉल टाकणारा निवांत कोपऱ्यात पाऊल टाकून परत पास घेतो. त्याच्यावरचा डिफेंडर पास गेला तरी त्याच्याकडे पाठ करणार नाही, एवढं एक वाक्य पुरेसं आहे.

रिबाउंडही इथलाच भाग. लांबून मारलेला बॉल रिंगला लागून लांब उडतो. कोपऱ्यातून चुकलेला बहुधा पलीकडच्या बाजूला जातो. सगळे रिंगखाली उड्या मारतात आणि बॉल फ्री थ्रोच्या जागी पडतो. तिथून समोरचा उचलतो, बाहेर टाकतो, आणि हा दुसरा थ्री पहिल्यापेक्षा मोकळा असतो, कारण आपली पाचही पोरं रिंगकडे तोंड करून उभी असतात. गार्डांनी फेक झाली की आपल्या माणसाला पाठीने अडवून रेषेच्या आत एक-दोन मीटरवरच थांबायचं.

वहीत काय लिहायचं

राखीव पोरांपैकी एकाला वही द्या. कोर्टाचे पाच भाग करा, दोन कोपरे, दोन विंग, नाका. प्रत्येक थ्रीसमोर तीन खुणा: कुठून, हात समोर होता की नव्हता, आणि मोकळा का झाला. कारणांना एकेक अक्षर पुरतं. म म्हणजे मधून घुसला, ज म्हणजे जवळच्याने मदत केली, उ म्हणजे उशिरा निघाला, प म्हणजे परतताना, रि म्हणजे रिबाउंडनंतर, स म्हणजे स्क्रीनवर अडकला. बसला की चुकला तेही लिहा, पण वेगळ्या रकान्यात. तीन सामन्यांत एखादं अक्षर इतरांच्या दुप्पट दिसेल. पुढचा आठवडा त्याच्यावरच सराव. बाकीचं सोडून द्या.

वॉर्मअपची पंधरा मिनिटंही वाया घालवू नका. समोरचा कोण एकाच जागी उभा राहून मारतोय, कोणाचा हात डावा आहे, कोण ड्रिबल करून मारतो आणि कोण फक्त पास घेऊन, ते बघून तीन गट करा. पहिल्या गटाला कधीच सोडायचं नाही, तो बॉलपासून कितीही लांब असो. दुसऱ्याला मदतीसाठी सोडता येईल, पण परत यायचं. तिसऱ्याला मारू द्या. तिसरा गट ठरवल्याशिवाय पहिल्या गटाला राखायला माणूस उरत नाही.

शेवटचे दहा सेकंद, आपण तीन गुणांनी पुढे, बॉल त्यांच्याकडे. आता त्यांना दोन गुण देऊन टाकायचे. पाचही डिफेंडर रेषेच्या बाहेर, हेल्प बंद, स्क्रीनवर सगळीकडे माणसं बदलायची. फाउल करावा का? क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले नसतील तर बॉलवाला रिंगकडे पाठ करून ड्रिबल करत असताना एक करून वेळ खाता येतो, त्यांना फक्त बाजूने बॉल आत टाकावा लागतो. चार झाले असतील तर दोन फ्री थ्रो. पहिला टाकून दुसरा ते मुद्दाम चुकवतील आणि रिबाउंडसाठी झेपावतील. १७ वर्षांखालच्या संघाला मी हे दुसरं करायला सांगणार नाही. हात लावायच्या क्षणी शूटरने बॉल वर उचलला तर तीन फ्री थ्रो होतात, आणि घाबरलेल्या पोराचा हात नेमका तेव्हाच जातो. टाइमआउट शिल्लक असेल तर याच क्षणासाठी ठेवा, आणि त्यात एवढंच विचारा की कोणाचा माणूस कोण, आणि बॉल आत टाकणाऱ्यावर कोण.